नव्वद माणसांचं वजन

खरं सांगा, तुम्ही बसलेली बोट पाण्याखाली कशावर तरी आपटली, तर तुम्ही सगळ्यात आधी कुणाला शिव्या घालाल?

सुकाण्यालाच ना? मीही त्यालाच घातल्या. त्या मंगळवारी साडेआठच्या फेरीला मी इंजिनाच्या झाकणाला टेकून उभा होतो. मधल्या पाण्यात खालून असा दणका बसला की समोरच्या नर्सबाईंचा अख्खा डबा माझ्या शर्टावर आला, आणि माझ्या तोंडून जे बाहेर पडलं ते इथे छापता येणार नाही. सुकाणी चाक घट्ट धरून उभा, चेहरा पांढराफटक. दोन्ही काठांच्या मधे बोट अंगात आल्यासारखी थडथडत होती आणि नव्वद माणसं एका सुरात त्याच्या डोळ्यांची, वयाची आणि खानदानाची चौकशी करत होती. पाण्याखाली काय होतं ते कुणालाच दिसलं नव्हतं, पण पलीकडे उतरेपर्यंत सगळ्यांनी पाहिलेलं होतं. कुणी म्हणे खडक, कुणी म्हणे बुडालेला ट्रक. बेकरीवाल्याने तर शेपूटसुद्धा पाहिली.

पण मी ही गोष्ट सुकाण्याची सांगत नाहीये. ही त्याच्या बहिणीच्या नवऱ्याची, म्हणजे बोटीच्या मिस्त्रीची गोष्ट आहे. तुम्ही रोज त्याच्या जिवावर पाणी ओलांडता आणि त्याला ओळखतही नाही, म्हणून मला लिहायला बसावं लागलं.

जेटीच्या डाव्या अंगाला पत्र्याची शेड आहे ना, ती त्याची. सव्वीस वर्षं तो तिथे आहे. आत जाऊन बघा, म्हणजे त्याने जाऊ दिलं तर. भिंतीवर पाने ओळीने टांगलेले, आणि प्रत्येक पान्याच्या मागे पांढऱ्या रंगाने त्याचीच आकृती काढलेली. एखादा पाना जागेवर नसला की भिंतीवर नुसता आकार उरतो, खून झालेल्या माणसाभोवती खडूची रेघ मारतात तसा. तेवढ्यावरून त्याचा दिवस खराब जातो. माणूस बुटका, मान नाहीच, खांद्यावर थेट डोकं बसवलेलं. नमस्कार-चमत्कार त्याला येत नाही. भेटला की विचारतो, "काय मोडलं?" माझ्या पुतणीच्या लग्नात त्याने स्टेजवर जाऊन नवऱ्यामुलाला हेच विचारलं होतं. वहिनी, म्हणजे त्याची बायको, एकदा दवाखान्यात होती तेव्हा हा भेटायला गेला आणि आधी अर्धा तास वॉर्डातल्या ट्रॉलीच्या चाकांना तेल घालत बसला. "किरकिर ऐकून बाई बरी कशी होणार?" डॉक्टरांनाच झापलं त्याने.

त्याच्या कामाच्या दोन रीती आहेत. पहिली, दुरुस्ती झाली की आतली प्रत्येक वस्तू तो स्वतः राखाडी रंगाने रंगवणार. इंजिनाचे पाय, खालची लाकडं, नटबोल्ट, सगळं. बिनरंगाचं काम त्याला आंघोळ करून मळके कपडे घातल्यासारखं वाटतं. दुसरी, रंग वाळला की बोट पाण्यात घालून इंजिन चालू करायचं आणि झाकणावर चहाने काठोकाठ भरलेली बशी ठेवायची. चहा हलला नाही तर बोट पास. हलला तर पुन्हा खोल. सव्वीस वर्षांत त्या बशीने दिलेला निकाल कुणी फिरवलेला नाही.

आणि ही चाचणी तो रिकाम्या बोटीवर घेतो. नेहमी. का, तर म्हणे, "माणसं असली की मला इंजिन ऐकू येत नाही." त्याचं ठाम मत असं की बोट मुळात चांगलीच असते, माणसं चढली की बिघडते.

आता घरची भानगड. मिस्त्री आणि सुकाणी हे दाजी-मेहुणे, आणि अकरा वर्षं एकमेकांशी बोलत नाहीत. कारण ऐकाल तर हसाल. सुकाण्याच्या घरची पाण्याची मोटार मिस्त्रीने एका सुट्टीच्या दिवशी दुरुस्त करून दिली. ती जरा घरघर करत राहिली. सुकाणी गरीब स्वभावाचा, दाजींना पुन्हा कुठे त्रास द्यायचा म्हणून त्याने दुसऱ्या दिवशी बाजारातला प्लंबर बोलावला. बस्स. मिस्त्रीच्या लेखी त्याने खून केला असता तरी चाललं असतं. तेव्हापासून दोघं एकाच बोटीवर काम करतात आणि मधे वहिनी. वहिनी जेटीवरच्या तिकीट खिडकीत बसते. खिडकीच्या डाव्या हाताला शेड, उजव्या हाताला बोट, मधे ती. देवाने, किंवा ऑफिसने, तिची जागा बरोबर निवडली आहे.

तर त्या मंगळवारी, माझा शर्ट अजून ओला होता, दोघं खिडकीसमोर येऊन उभे राहिले. दोघांत हातभर अंतर.

मिस्त्री खिडकीकडे बघून म्हणाला, "विचार त्याला, पंख्याला लागलं का?"

"ताई, दाजींना सांग, लागलं," सुकाणी म्हणाला.

"विचार, आवाज कसा आला?"

"सांग, टण् असा आला. मागून."

"टण् आला म्हणे," वहिनी तिकिटं फाडता फाडता म्हणाली. "पुढे कोण? दोन का? अहो, हात आत घालू नका, खिडकी आहे ती."

"बास. कळलं मला."

"ताई, त्यांना सांग ना, अजून एक—"

"त्याला सांग, बास म्हणजे बास!"

"ते म्हणतात, बास," वहिनीने सांगितलं. सुकाणी गप्प बसला. तो तसाही गप्पच बसतो. लोक त्याला गोगलगाय म्हणतात, आणि बोटही तो तशीच चालवतो, म्हणून तर तीस वर्षांत कुणी बुडालेलं नाही.

मिस्त्रीने बोट उतारावर ओढून घेतली. बोट पुढे ढकलणाऱ्या पाण्याखालच्या पंख्याचं एक पातं खरंच कुत्र्याच्या कानासारखं दुमडलं होतं. नवा पंखा बसवला. इंजिनापासून पंख्यापर्यंत जाणारा शाफ्ट बाहेर काढला, दोन सरळ कडांवर ठेवून हाताने फिरवला, जिथे डुलत होता तिथे ठोकून सरळ केला. शाफ्ट आणि इंजिन जिथे जोडलेले असतात तिथे लोखंडाच्या दोन चकत्या तोंडाला तोंड लावून बसतात, त्याला कपलिंग म्हणतात. त्या दोन चकत्यांच्या फटीत कागदासारखी पातळ पोलादी पत्ती घालून बघायची. वर, खाली, डावीकडे, उजवीकडे, चारी बाजूंना फट सारखी असली पाहिजे. एका बाजूला जरा जास्त असली की शाफ्ट वाकडा ओढला जातो आणि बोट थडथडते. हे मला कसं माहीत? मी पाच दिवस त्याच्या डोक्यावर उभा होतो. प्रवासी संघटनेचा माणूस आहे मी, आणि मला कुणी आत येऊ नको म्हटलं की मी हमखास आत जातो.

"काय नेते," तो वर न बघता म्हणायचा, "आज कुणाचा निषेध?"

"तुमचा. फार वेळ लावताय."

"मग घोषणा बाहेर जाऊन द्या. इथे माझा पाना घाबरतो."

रविवारी सगळं जमलं. पत्ती चारी बाजूंना सारखी. राखाडी रंग चकचकीत. बोट पाण्यात गेली, मिस्त्री आणि ऑफिसचे साहेब दोघंच आत, सुकाणी चाकावर. बशी झाकणावर. चहा शाळेतल्या पहिल्या बाकावरच्या पोरासारखा हाताची घडी घालून बसला. पास.

सोमवारी सकाळी आम्ही नव्वद जण चढलो. बोट सुटली आणि शंभर हातांवर जाते न जाते तोच थरथर. बाकं कडकडायला लागली. निवृत्त मास्तरांची कवळी तोंडातल्या तोंडात टाळ्या वाजवायला लागली. सुकाण्याने बोट हळू केली, कशीबशी पलीकडे नेली, आणि परत येऊन बहिणीला सांगितलं. बहिणीने नवऱ्याला सांगितलं. नवरा तणतणत आला, सगळ्यांना उतरवलं, रिकामी बोट घेऊन अर्ध्या पाण्यापर्यंत जाऊन आला. बशी ढिम्म.

हे तीनदा झालं. तीन दिवस. आम्ही बसलो की बोट नाचते, मिस्त्री एकटा गेला की बोट सोवळं नेसून बसते.

तिसऱ्या दिवशी मिस्त्रीचं डोकं सटकलं. त्याने ऑफिसच्या कागदावर लिहून दिलं : "बोट निर्दोष आहे. थरथर बोटीत नसून सुकाणू धरणाऱ्याच्या हातात असावी." साहेबांना एवढंच हवं होतं. जहाजाची चौकशी लांबलचक, माणसाची आखूड. त्याच दुपारी सुकाण्याच्या हातात पत्र पडलं. येत्या पंधरा तारखेपासून घरी बसावे, हात आणि नजर कामास योग्य नाहीत. निवृत्तीला दोन वर्षं उरलेली. घरात आजारी आई, आणि ती अर्थात वहिनीचीही आई. त्या दिवशी वहिनीने तिकिटं दिली, पण मिस्त्रीचा निरोप पोचवला नाही. तो खिडकीशी येऊन म्हणाला, "त्याला सांग—" तर तिने खिडकीची फळी लावून घेतली. आत रांगेतल्या माणसाचा हात होता, तो वाचला हे त्याचं नशीब.

मी मिस्त्रीकडे गेलो आणि सरळ विचारलं, "लाज नाही वाटत?"

"बशी खोटं बोलत नाही, नेते."

"नव्वद माणसं खोटं बोलतात?"

"माणसं काय, माणसं शेपूटही बघतात."

यावर मला उत्तर सुचलं नाही, आणि मला उत्तर सुचलं नाही की मी आंदोलन करतो. गुरुवारी सकाळी साडेआठला बोट भरली आणि आम्ही जाहीर केलं, पत्र मागे घेईपर्यंत कुणीही उतरणार नाही. बोट जेटीला बांधलेली, आत त्र्याण्णव माणसं, मी बाकावर उभा. असं धरणं या पाण्याने पाहिलं नव्हतं. साहेब आले, जेटीवरूनच बघून आत गेले, आणि मग त्यांनी त्यांच्या मते हुशारी केली. मिस्त्रीला पाठवलं. जा, म्हणाले, यांच्या डोळ्यांदेखत दाखव बोट ठीक आहे ते.

मिस्त्री एका हातात बशी, दुसऱ्या हातात किटली घेऊन आला.

"नेते, माणसं उतरवा. इंजिन ऐकवतो."

"कुणी उतरणार नाही."

"मग गप्प बसवा."

आता हे काही माझ्या हातात नव्हतं. माणसं बोलावणं मला जमतं. त्यांना गप्प बसवणं आजवर कुणाला जमलेलं नाही. मिस्त्रीने बशी झाकणावर ठेवून काठोकाठ भरली, कानांवर हात ठेवले, शिवी गिळली, चारी दोर आवळून बांधले आणि इंजिन चालू केलं. गिअर न टाकता वेग वाढवला. चहा शांत. "बघा!" तो ओरडला. बेकरीवाल्याने टाळी वाजवली, मी त्याच्याकडे बघितल्यावर त्याने हात खिशात घातले.

मग मिस्त्रीने गिअर टाकला. हळू. दोर ताणले.

चहावर आधी एक बारीक वर्तुळ उमटलं. मग दुसरं. मग चहा बशीच्या काठावर चढला, उतरला, आणि बशी स्वतःहून सरकायला लागली. अशी एकेक इंच, लग्नातून हळूच काढता पाय घेणाऱ्या पाहुण्यासारखी. झाकणाच्या टोकाला पोचली आणि नर्सबाईंच्या मांडीवर पडली. त्या बाईंना या बोटीने फार छळलं आहे.

कुणी हसलं नाही. माझ्यासाठी कधी गप्प न बसणारी त्र्याण्णव माणसं त्या रिकाम्या झाकणाकडे बघत होती. मिस्त्रीही बघत होता. त्याचा चेहरा मी आयुष्यात विसरणार नाही. देवळात गेल्यावर देवच जागेवर नाही असं दिसलं तर होईल तसा.

त्याने इंजिन बंद केलं आणि झाकण उघडून खाली उतरला. कपलिंगचे बोल्ट सोडल्याचा आवाज आला. मग खालून त्याचा आवाज आला, स्वतःशीच बोलल्यासारखा. "खाली जाते. वर जात नाही." पत्ती. खालच्या बाजूची फट वाढली होती. रविवारी हीच फट चारी बाजूंना सारखी होती.

डोकं वर आलं. "सगळे उतरा!"

"धरणं आहे!" मी म्हणालो.

"पाच मिनिटं उतरा, मग पुन्हा धरा!"

इथे आमच्यात तात्त्विक वाद सुरू झाला. उतरलो तर माघार होते का? मास्तरांचं म्हणणं, प्रतिपक्षाच्या विनंतीवरून उतरणं ही माघार नाही, फक्त विश्रांती. नर्सबाईंचं म्हणणं, त्यांना साडी बदलायची आहे, तत्त्व गेलं खड्ड्यात. शेवटी ठरलं, घोषणा देत उतरायचं. उतरलो. खालून मिस्त्री ओरडला, "सारखी! चारी बाजू सारखी!" आणि लगेच, "चढा परत!"

आणि इथेच घोटाळा झाला. दहा वाजले होते. माणसं घड्याळं बघायला लागली. कुणाचं दुकान उघडायचं, कुणाची हजेरी चुकत होती. आमच्या संघटनेतला सगळ्यात जहाल कार्यकर्ता, नाव नको, जेटीच्या दाराकडे सरकत होता. मिस्त्री पाना घेऊन आला आणि त्या दारात उभा राहिला. एवढासा माणूस, पण दार अख्खं भरलं.

"धरणं धरलंय ना? मग धरा! तासाभरापूर्वी हलणार नाही म्हणत होतात, आता हलून दाखवा!"

हे वाक्य मी माझ्या कार्यकर्त्यांना वीस वर्षं सांगतोय. माझ्या तोंडून कधी कुणी ऐकलं नाही, त्याच्या पान्याचं सगळ्यांनी ऐकलं.

सगळे चढले. त्याने एकेकाला जागा दिली. मास्तर पुढे. नर्सबाई मधे. कॉलेजच्या पोरी डावीकडे, हसायचं नाही, हसताना माणूस हलतो. मग बेकरीवाल्याकडे बघितलं, वरपासून खालपर्यंत, तो इंजिन बघतो तसं.

"तुम्ही मागे."

"मी एकटा?"

"तुम्ही एकटे पुरता."

बेकरीवाल्याने माझ्याकडे निषेधाच्या अपेक्षेने बघितलं. मी दुसरीकडे बघितलं. आंदोलनात त्याग करावा लागतो.

मिस्त्री खाली, झाकणाच्या भोकातून फक्त त्याचं डोकं वर. सुकाणी चाकापाशी, चार हातांवर. आता मिस्त्रीला सुकाण्याला काहीतरी विचारायचं होतं. त्याने जेटीकडे बघितलं. तिकीट खिडकी दोनशे पावलं लांब, आणि फळी लावलेली. "हिला बोलवा कुणीतरी," तो म्हणाला. लगेच दहा जण उठले. "बसा खाली! कुणी हलायचं नाही! वजन बदलतं!" दहा जण बसले. मग? निरोप न्यायला माणूस उठला तर माप बिघडतं, आणि माणूस उठला नाही तर निरोप जात नाही. त्र्याण्णव जणांनी श्वास धरला. मी बघत होतो, मिस्त्रीच्या जबड्याचं कपलिंग एकदा इकडे, एकदा तिकडे.

"लागलं तेव्हा..." तो चाकाकडे बघून म्हणाला. मग थांबला. मग मान वर केली. "लागलं तेव्हा तुझ्या पायांना कुठे कळलं?"

सुकाण्याने मागे वळून बघितलं, त्याच्या मागे कुणी उभं आहे का ते. कुणी नव्हतं.

"दाजी, मला विचारताय?"

"नाही, तुझ्या टोपीला विचारतोय. कुठे कळलं?"

"आधी इथे." सुकाण्याने टाच आपटली, इंजिनाच्या बरोबर मागे. "खालून उचलल्यासारखं. धाप्पकन. मग मागे टण् झालं. दोन झाले, दाजी."

"दोन?"

"दोन."

"मग त्या दिवशी एकच का सांगितलास?"

"तुम्ही आवाज विचारलात, आवाज सांगितला. दुसरं सांगत होतो, तर तुम्ही बास म्हणालात."

मिस्त्रीने बॅटरी उचलली. डोकं खाली गेलं. आम्हाला नुसता बॅटरीचा उजेड हलताना दिसत होता आणि खरवडल्याचा आवाज येत होता. तो स्वतःचा रंग खरवडत होता. इंजिन ज्या दोन जाड लाकडांवर बसवलेलं असतं, त्यांतल्या डाव्या लाकडाला मागच्या पायाखाली आडवी चीर गेलेली. बोट रिकामी किंवा उतारावर असली की चीर मिटून जाते, नजरेला दिसतच नाही. माणसं बसली की लाकूड दबतं, चीर उघडते, इंजिनाचा मागचा पाय केसभर खाली बसतो, आणि मग शाफ्ट वाकडा. पाण्याखाली जे काही होतं त्याने आधी बोटीचं पोट उचललं होतं, पंखा नंतर. मिस्त्रीने नंतरचं बरं केलं आणि आधीच्याला छान राखाडी रंग दिला.

तो वर आला तेव्हा त्याच्या नखांत राखाडी खपल्या होत्या. बोटीवरून उतरला आणि तडक ऑफिसकडे निघाला. मी मागे. सुकाणी जागेवरच, कारण कुणी हलायचं नाही असं सांगितलेलं. खरं सांगतो, ती त्र्याण्णवच्या त्र्याण्णव माणसं आम्ही परत येईपर्यंत तशीच बसून होती. बेकरीवाला सांगत होता, त्याचा पाय झोपला होता तरी त्याने हलवला नाही.

साहेबांच्या खोलीत मिस्त्रीने कागद मागितला. साहेब समजूतदार झाले. "असं लिहा ना, लपलेला दोष आढळला. कुणावर काही येत नाही."

"दोष लपला नव्हता," मिस्त्री म्हणाला. "मी रंगवला."

"अहो, पण तुमच्या नोंदीवर राहील ते. सव्वीस वर्षांत एक रेघ नाही तुमच्या नावावर."

"मग ही पहिली."

आणि त्याने लिहिलं. मी खांद्यावरून वाचलं. वाचायला नको होतं, पण मी मी आहे. "सुकाण्याच्या हाताबद्दल लिहिले ते मागे घेतो. हात ठीक आहे. मी बोट माणसांशिवाय तपासली आणि चालवणाऱ्याला पूर्ण विचारले नाही. चूक माझी." खाली सही, सहीवर अंगठ्याएवढा काळा डाग. साहेबांनी तो कागद दोन बोटांनी उचलला आणि म्हणाले, ठीक, सोमवारी तपासनीस येतील. भरलेल्या बोटीवर चाचणी होईल. थरथर नसेल तर पत्र रद्द. असेल, तर पंधरा तारीख काही लांब नाही.

मी तिथे दोन गोष्टी बोललो, त्या इथे सांगत नाही. मिस्त्रीने मला दंड धरून बाहेर काढलं. "चला नेते. तुमचं काम बाहेर."

मधल्या दिवसांत चिरलेलं लाकूड काढून नवं बसवलंय, दोन्ही अंगांना लोखंडी पट्ट्या, आरपार बोल्ट. रंग दिलेला नाही. मी विचारलं तर म्हणाला, सोमवारनंतर बघू. सुकाणी आता शेडमधे येतो, दोघं इंजिनाबद्दल बोलतात. फक्त इंजिनाबद्दल. घरगुती विषय निघाला की अजूनही वहिनीच लागते, आणि तिने परवा दोघांना बजावलंय की यापुढे निरोपाचंही तिकीट लागेल.

एकच काम राहिलंय. कपलिंगची ती फट शेवटची जुळवायची, आणि ती भरलेल्या बोटीतच जुळवायची. साहेब म्हणाले, वाळूची पोती भरा. मिस्त्री म्हणाला, "पोती वाहणार कोण, तुम्ही? आणि पोतं एका जागी बसतं. माणूस काठ आला की खिडकीकडे सरकतो. मला सरकणारं वजन पाहिजे." हे तोच माणूस म्हणाला ज्याला सव्वीस वर्षं माणसांमुळे इंजिन ऐकू येत नव्हतं.

म्हणून त्याने मला सांगितलंय, माणसं आण. किमान नव्वद. पण गुरुवारच्या त्र्याण्णवांतले निम्मे म्हणतात, रविवारी सुट्टी आहे, आणि बोट तर कुठे जाणारही नाही, मग बसायचं कशाला. सोमवारी बोट थडथडली तर सुकाणी घरी बसेल, मग मात्र हेच लोक माझ्याकडे निषेध करायला येतील. मला ठाऊक आहेत सगळे.

तुम्ही येऊ शकता. हे वाचताय म्हणजे रविवारी सकाळी तुम्हालाही फार काही काम नसतं. घोषणा नाहीत, भाषण नाही, मला भाषणाची बंदी आहे. तिकीट नाही. दोन तास लागतील. मिस्त्री तुम्हाला जाड म्हणेल, ते मनावर घेऊ नका, तो माप घेत असतो. पातळ असाल तर शेजाऱ्याला सोबत आणा.

रविवारी सकाळी आठला जेटीवर या, आणि तो सांगेल तिथे बसा.